रिकाम्या केसवरून बनवलेली गिटार

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं आणि त्याच्या आईचं. नावं गाळलीयेत, ओळख पटेल असे एक-दोन घरगुती तपशील बदललेत, गिटारबद्दलचं मात्र जसं झालं तसंच लिहितोय. मी यात कारागीर म्हणून होतो. म्हणजे हौशी कारागीर, त्याआधी माझ्या हातून तीन गिटारी झालेल्या आणि त्यातली वाजवण्यासारखी एकच, हे आधीच सांगून टाकतो.

मित्राची आई, मी त्यांना काकू म्हणतो, कॉलेजात असताना बँडमध्ये रिदम गिटार वाजवायच्या. गिटार इलेक्ट्रिक, १९६० च्या दशकातली, जपानी बनावटीची, सेकंडहँड घेतलेली. दोन पिकअप (तारांची थरथर पकडून ॲम्पकडे पाठवणारे), दोन सरकते स्विच, खाली ट्रेमोलो (दांडा दाबून सूर वर-खाली करायची सोय). बँडमधल्या एकाने एका कार्यक्रमापुरती म्हणून मागितली, काकूंची केस, म्हणजे गिटार ठेवायची पेटी, जड होती म्हणून तो कापडी कव्हरात घालून घेऊन गेला, पुढच्याच महिन्यात नोकरीसाठी परदेशी गेला आणि संपलं. गिटार गेली, केस राहिली. ती केस पन्नासेक वर्षं माळ्यावर. घर दोनदा बदललं तरी काकूंनी ती टाकू दिली नाही, आणि का टाकत नाही हेही कधी सांगितलं नाही, विचारलं की म्हणायच्या असू दे रे, जागा खातेय का तुझी.

मित्राच्या डोक्यात आलं की ७५ व्या वाढदिवसाला तीच गिटार बनवून द्यायची. हातात आठ महिने होते.

अडचण काय होती

पहिली अडचण म्हणजे "तीच" म्हणजे कोणती हेच माहीत नाही. त्या काळात जपानी कारखाने एकच गिटार पाच-सहा नावांनी विकायचे, ज्याने ऑर्डर दिली त्याच्या नावाची पट्टी हेडस्टॉकवर (मानेच्या टोकाला, जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात) ठोकली की झालं. टेइस्को हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव, ती कंपनी १९६७ मध्ये कावाईने घेतली, गुयाटोन होती, आणखी बरीच होती. काकूंच्या गिटारवरची पट्टी त्यांच्याकडे यायच्या आधीच पडलेली, नुसती दोन भोकं. आम्ही तीन आठवडे जुन्या कॅटलॉगांची चित्रं बघत बसलो, जवळ जाणारी चार मॉडेलं सापडली, पण कुठे हॉर्नचा (बॉडीच्या मानेकडच्या टोकदार शिंगाचा) आकार वेगळा तर कुठे स्विच भलतीकडे.

जवळ होतं एवढंच: दोन कृष्णधवल फोटो, ती रिकामी केस, मामांची (काकूंचा धाकटा भाऊ, बँडचा वायरमन) आठवण, आणि काकूंनी वर्षानुवर्षं सांगितलेले किस्से. किस्से गिटारबद्दल कमी आणि ड्रमरबद्दल जास्त.

दुसरी अडचण जी आम्हाला तेव्हा अडचण वाटलीच नाही, ती म्हणजे हे सगळं काकूंपासून लपवून करायचं होतं.

कोणते पर्याय होते

जुनी, जवळपास तशीच गिटार विकत घ्यायची, हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि मी आधी तोच सुचवला होता. पण त्या वयाच्या स्वस्त गिटारींमध्ये मान वाकलेली असण्याची शक्यता बरीच, ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारी आतली लोखंडी कांब) असला तरी काम करेलच असं नाही, पिकअप फोटोवरून तपासता येत नाहीत. मित्राचं म्हणणं वेगळंच होतं, की ती दुसऱ्या कोणाची तरी गिटार असणार, त्यावर दुसऱ्या कोणाच्या तरी हाताच्या खुणा. मला तेव्हा हे जरा भावुक वाटलं, आता तितकं वाटत नाही.

धंदेवाईक कारागिराला द्यायचं, तर दोन फोटोंवर कोणी शब्द द्यायला तयार नव्हतं, आणि बरोबरच आहे, "तशीच नाही झाली" या तक्रारीला अंत नसतो. तिसरा पर्याय तयार किट आणून बॉडी कापूनकुपून आकार बदलायचा, तो स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) अडला, बहुतेक किट ६४८ मिमीच्या स्केलची म्हणजे फेंडरची २५.५ इंच, आणि फोटोत मान त्याहून आखूड दिसत होती.

शेवटी ठरलं ते असं की बॉडी आणि मान मी नव्याने करायची, पण पिकअप, ट्रेमोलो आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) त्याच काळातल्या एका मोडक्या जपानी गिटारचे घ्यायचे. आवाज आणि चकाकी जुनी, लाकूड नवं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. पार्ट हातात आल्यावरच राउटर (लाकडात खाचा कोरायचं यंत्र) चालवला हेही बरोबर, कारण त्या पिकअपची मापं आजच्या कुठल्याच तयार साच्यात बसत नाहीत.

मापं कुठून आणली

फोटोवरून माप काढणं म्हणजे स्वतःला फसवणं, कारण गिटार तिरकी धरलेली असते आणि कॅमेऱ्याजवळचा भाग मोठा येतो. एक आधार मात्र असतो. फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) कुठे असणार हे गणिताने ठरलेलं आहे, स्केलला १७.८१७ ने भागलं की पहिल्या फ्रेटचं अंतर, उरलेल्या लांबीला परत भागलं की दुसऱ्याचं, आणि १२ वा फ्रेट बरोबर मध्यावर. म्हणजे फोटोत १२ व्या फ्रेटच्या दोन्हीकडची लांबी सारखी नसेल तर गिटार किती तिरकी आहे ते त्यावरून कळतं आणि उलटं गणित करून ती सरळ करता येते. अर्थात यातून प्रमाण कळतं, मिलीमीटर नाही.

मिलीमीटर केसने दिले. काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या तेव्हा केस माझ्याकडे आली. आतलं मखमली अस्तर बॉडीच्या आकाराने दबलेलं, अजून हात फिरवला की कडा लागते, आणि झाकणाच्या अस्तरावर गंजाचे डाग, जिथे ट्रेमोलोची पट्टी टेकायची बरोबर तिथे. ट्रेसिंग पेपर पसरून सगळं उतरवून घेतलं. बॉडीची रुंदी, शेपटापासून मान टेकायच्या उशीपर्यंतचं अंतर, पट्टीची जागा. ते फोटोच्या प्रमाणाशी जुळवल्यावर स्केल ६२५ ते ६३५ च्या मधे कुठेतरी येत होती, मग आम्ही २४.७५ इंच धरली, म्हणजे ६२८.६५ मिमी. त्याची फ्रेटपट्टी तयार मिळते हेही एक कारण, खोटं कशाला बोला.

केसच्या कप्प्यात दोन तुटक्या तारा, एक प्लेक्ट्रम आणि ट्रेमोलोचा दांडा होता. दांडा बघून आम्ही खूश, अस्सल भाग मिळाला म्हणून. हा दांडा लक्षात ठेवा.

निर्णयाच्या जागा

रंग. काकू नेहमी म्हणायच्या "माझी लाल गिटार". मामांना विचारलं तर ते ठाम, लाल नाही, सनबर्स्ट (मधे उजळ आणि कडेकडे गडद होत जाणारा रंग), कडेला काळी होती. मित्र आईच्या बाजूने. कृष्णधवल फोटोत कडा गडद दिसत होत्या पण एक फोटो फ्लॅशचा, फ्लॅशने मधला भाग उजळतोच, त्यामुळे तो पुरावा म्हणून कच्चा. दुसरा फोटो खिडकीशेजारचा, प्रकाश एका बाजूने, आणि तरीही दोन्हीकडच्या कडा तितक्याच गडद. म्हणजे कडा खरंच काळी होती. त्या काळच्या जपानी गिटारींवर मधे लाल आणि कडेला काळा असा लाल बर्स्ट भरपूर दिसतो, तो केला. भाऊ-बहीण दोघंही बरोबर होते, गळ्यात घालून वरून बघणारीला लाल दिसायची आणि समोर बसून वायरी बघणाऱ्याला काळी कड.

मान. जाडी ना फोटोत दिसते ना केसमध्ये. त्या काळच्या बऱ्याच माना हात भरेल एवढ्या जाड असायच्या, मित्राला तशीच हवी होती. माझा विरोध. काकूंच्या बोटांचे सांधे धरतात, अनामिका पूर्ण वाकत नाही, हे मला एका दुपारी नातवाची अकूस्टिक त्यांच्या हातात दिली तेव्हा दिसलं (ती दुपार घडवून आणलेली होती). बरीच वादावादी झाली. त्याचं म्हणणं, नक्कल तर नक्कल, आज आईला सोयीचं करत गेलो तर उद्या युकुलेली (चार तारांचं छोटं वाद्य) करून देऊ. माझं म्हणणं, भिंतीवर टांगायला करतोय का. शेवटी पहिल्या फ्रेटपाशी २३ ऐवजी २१ मिमीवर तडजोड झाली आणि तारा ९ ते ४२ च्या (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), हलक्या. आखूड स्केलचा इथे फायदा झाला, तारेचा ताण लांबीच्या वर्गाने बदलतो, म्हणजे त्याच तारा त्याच सुरात ६४८ च्या मानाने साधारण ६ टक्के मऊ लागतात.

झीज दाखवायची की नाही. काकूंच्या गिटारच्या खालच्या हॉर्नचा एक टवका उडालेला, ॲम्पच्या कोपऱ्यावर आपटून, हा किस्सा घरात सगळ्यांना पाठ. मित्राला तो टवका हवा होता. मी उरलेल्या लाकडाच्या तुकड्यावर रंग देऊन करून बघितला, आपटून बघितला, पटाशीने बघितला, सँडपेपरने कडा मोडून बघितल्या. प्रत्येक वेळी तो मुद्दाम केलेला टवकाच दिसला. सोडून दिलं.

काम करताना काय काय झालं

बॉडी अल्डर लाकडाची केली, हलकी पडते आणि रंध्रं बारीक असल्याने भरणी करत बसावं लागत नाही. मूळ बॉडी प्लायची असू शकते, त्या दर्जाच्या गिटारींमध्ये ते सर्रास होतं, पण ते कोणी बघणार नव्हतं आणि खांद्याला वजन कमी लागणार होतं. हा भाग सरळ गेला.

मान करताना एक घोडचूक कागदावरच सापडली, नशीब. फोटोत नटच्या (मानेच्या टोकाशी तारा खाचांत बसतात ती पट्टी) लगेच पुढे अजून एक फ्रेट दिसतो, झीरो फ्रेट, त्या काळच्या स्वस्त गिटारींवर नेहमीचा. झीरो फ्रेट असला की तारेची वाजणारी लांबी तिथून सुरू होते, मागचा नट तारांना फक्त जागेवर धरतो. मी सवयीने पहिलं रेखाटन नटपासून मोजून केलं होतं, तसंच कापलं असतं तर सगळे फ्रेट ५ मिमीने मागे आणि अख्खी मान जळणात. तेव्हापासून भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय, झीरोपासून.

पिकअपपैकी एक ५.८ किलोओम दाखवत होता, दुसरा मेलेला, मल्टीमीटरवर काहीच नाही. कव्हर उघडलं तर बाहेरच्या टोकाशी तार तुटलेली, जोडायला गेलो तर अजून आत तुटली, शेवटी सगळी काढून परत गुंडाळला. ४२ गेजची तार, ०.०६३ मिमी, केसाइतकी, श्वास जोरात सोडला तरी तुटेल असं वाटतं. दोन संध्याकाळी गेल्या. सगळं जोडून लावलं, एकेकटे छान, आणि दोन्ही एकदम लावले की आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा. गुंडाळताना दिशा उलटी झालेली, त्यामुळे दोन कॉइल एकमेकींना खोडत होत्या. त्या कॉइलची दोन टोकं अदलाबदल केली, भरदार झाला. सुरुवातीला मूळ गुंडाळी कोणत्या दिशेची आहे याची एक चिठ्ठी लिहून ठेवली असती तर हे वाचलं असतं.

मग ट्रेमोलो. आम्हाला तो पूर्ण चालायला हवा होता, वर-खाली दोन्हीकडे, आणि केसमधला अस्सल दांडा त्याला लागायला हवा. स्प्रिंग बदलली, ब्रिजच्या खाचा कानशीने गुळगुळीत केल्या, नटमध्ये ग्राफाइट घातलं. दांडा दाबला की सूर गेलाच. पंधरा दिवस मी त्या एका गोष्टीवर घालवले. एकदाही कोणाच्या डोक्यात आलं नाही की दांडा केसच्या कप्प्यात का होता.

दोन्ही फोटो परत काढून बघितले असते तरी पुरलं असतं. दोन्हीत दांडा नाही. आम्ही त्याच फोटोंवर पट्टी ठेवून अर्धा-अर्धा मिलीमीटर मोजत होतो आणि जे नाही ते दिसतच नव्हतं.

लॅकरचा हट्ट माझा. नायट्रोसेल्युलोज पातळ बसतं, बर्स्टचे थर सुंदर उतरतात, ओरखडा पडला तर दुरुस्त होतो. पण ते वाळतं सावकाश, हाताला कोरडं लागलं तरी आतून काही आठवडे मऊ असतं, आणि पंधरा दिवस ट्रेमोलोत गेल्यामुळे शेवटचा हात वाढदिवसाच्या आधी जेमतेम तीन आठवडे बसला. (ज्यांना करून बघायचंय त्यांना, मोकळ्या हवेत, चांगला मास्क लावून आणि आसपास कुठेही आग नको, ही वस्तू भडकते.) आदल्या रात्री आम्ही गिटार त्या जुन्या केसमध्ये ठेवली, कारण केस उघडल्यावर आत गिटार दिसणं हाच सगळा खेळ होता. सकाळी तपासायला काढली तर पाठीवर मखमलीचा ठसा. अस्तराची वीण जशीच्या तशी लॅकरमध्ये उमटलेली, दोन तळहातांएवढ्या जागेत. करण्यासारखं काही नव्हतं, परत तशीच ठेवली.

निकाल

काकूंनी केस उघडली, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग गिटार उचलून आधी पाठ बघितली आणि ठशावरून बोट फिरवून विचारलं, हे काय झालंय. त्यामुळे माझं पहिलं वाक्य माफीचं होतं.

मग मांडीवर घेतली, ॲम्प लावला, आणि हात न बघता स्विचकडे गेला. स्विच सरकवला, मानेकडच्या पिकअपऐवजी सगळंच बंद. परत सरकवला. "हा उलटा आहे." आम्ही म्हटलं नाही काकू, वर म्हणजे चालू, कॅटलॉगातल्या चारही मॉडेलात तसंच आहे. तेवढ्यात मामा मागून म्हणाले, अगं हो, तुझा तुटला होता, मी दुसरा बसवलेला, उलटा बसला आणि तू म्हणालीस राहू दे. मामांशी आम्ही तासभर फोनवर बोललेलो. विचारलं काय, तर रंग.

दांडा त्यांनी दोन मिनिटांत काढला. "हा कोणी लावला? याने सूर जातो." आणि कप्पा उघडून आत टाकला, जिथे पन्नास वर्षं होता तिथे.

मानेबद्दल त्या तासाभराने बोलल्या, मित्राला म्हणाल्या, माझी जाड होती रे, तुम्ही बारीक केलीत. तो माझ्याकडे बघतोय, मी जमिनीकडे. पण बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायची) धरता आली, एकदा नाही तीनदा, दुसऱ्या दिवशी बोटं दुखली हेही खरं. आता रोज दहा-पंधरा मिनिटं वाजवतात, त्याहून जास्त नाही जमत. रंगाबद्दल, ज्यावर आमचा दीड महिना गेला, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. टवक्याबद्दल मात्र विचारलं, आम्ही करून बघितला आणि जमला नाही असं सांगितल्यावर हसल्या, म्हणाल्या तो मलाही आवडायचा नाही.

परत करायचं झालं तर

लपवाछपवी अर्ध्यावर संपवली असती. लाकूड कापून आकार आल्यावर, रंगाच्या आधी, काकूंना बोलावून ती कोरी गिटार मांडीवर द्यायची आणि काही न विचारता त्यांचे हात बघायचे. स्विच, दांडा, मान, तिन्ही गोष्टी पाच मिनिटांत कळल्या असत्या. मित्राला हे अजून पटलेलं नाही, तो म्हणतो केस उघडतानाचा क्षण गेला असता. असेल, पण त्या क्षणासाठी आम्ही एका माणसाची गिटार तिला सोडून बाकी सगळ्यांना विचारून बनवली.

विचारायचंच तर प्रश्नही वेगळे हवे होते. कशी दिसायची हे विचारलं की लोक रंग सांगतात. गिटार हातात घेतली की आधी काय करायची, कोणत्या बटणाला हातच लावायचा नाही, काय बिघडलं होतं आणि तसंच राहिलं, हे विचारलं असतं तर मामांनी स्विच पहिल्या फोनमध्ये सांगितला असता.

लॅकरला दोन महिने द्यायला हवे होते, किंवा पहिले काही आठवडे केसऐवजी नुसती सुती चादर. आणि मानेवर मी अजूनही तेच करेन, २१ मिमी, कितीही बोलणी बसली तरी.

स्विच मी त्याच आठवड्यात फिरवून दिला, दोन स्क्रू, दहा मिनिटांचं काम. पाठीचा ठसा घासून परत पॉलिश करून देतो म्हटलं होतं, काकू गिटार द्यायला तयार नाहीत, म्हणतात एकदा दिली होती एका दिवसासाठी.